पाण्याचा खुळखुळा

आईने चमचा पेल्यावर वाजवला आणि पुढच्या खोलीत झोपलेले भाऊ ताडकन उठून बसले.

मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. ताट खाली ठेवून धावले, पण भाऊ माझ्याआधी आईच्या खाटेपाशी पोचले होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला माणूस, नुकताच कुठे डोळा लागलेला. केस विस्कटलेले, डोळे लालभडक.

"काय झालं? दुखतंय?"

आईने मान हलवली. नुसत्या ओठांनी म्हणाली, पाणी.

भाऊंनी तिच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला. "स्टीलवर नको वाजवूस, सिंधू. शेडमध्ये रात्रभर लोखंडच ऐकतो मी. डोक्यात घण बसतात गं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला, की जणू भर वर्गात कुणी तिला उभं केलंय.

आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे अंगण. भाऊ म्हणजे माझे वडील. काका-आत्या त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायला शिकले. ते लोको शेडमध्ये फिटर होते. घरात आम्ही तिघंच. आईचा आवाज क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीत प्रसिद्ध होता. संध्याकाळी ती दारात उभी राहून "प्रणूऽऽ" अशी हाक मारायची तेव्हा पार पाण्याच्या टाकीपाशी खेळणाऱ्या मुली मला म्हणायच्या, "जा बाई, भोंगा झाला तुझा."

त्या वर्षी उन्हाळ्यात मुंबईला तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, त्यावर ती पांढरं फडकं बांधायची. श्वास तिथूनच. बोलणं मात्र संपलं. ओठ हलवायची, ते मला वाचता यायला लागले होते. भाऊंना तितकं जमत नसे. समोर असलं की सगळं कळायचं. मी दुसऱ्या खोलीत असले, की मला बोलवायचं कसं, हा प्रश्न होता.

चमचा भाऊंनी खिडकीत ठेवून दिला. त्या दुपारी मी शेजारच्या मेश्रामकाकूंच्या ओट्यावर बसून त्यांच्या तान्ह्या नातवाला खेळवत होते. त्याच्या हातात प्लास्टिकचा खुळखुळा होता. तो वाजला, की घरातली सगळी माणसं मागे वळून बघत. पण पलीकडे झोपलेले काका काही जागे होत नव्हते. मी तो खुळखुळा कानाशी नेऊन बघितला.

"काकू, रिकामी डबी आहे एखादी? प्लास्टिकची?"

काकूंनी कॅल्शियमच्या गोळ्यांची रिकामी बाटली दिली. घरी येऊन मी त्यात मूठभर ज्वारी घातली, झाकण घट्ट बसवलं आणि आईच्या हातात दिली. "पाणी हवं असलं की हे वाजव."

आईने हलवून बघितली. झिमझिम असा आवाज आला. तिने परत हलवली. मग तोंडावर हात ठेवून ती हसायला लागली. आवाज न येता माणूस किती हसू शकतं ते मी तेव्हा पाहिलं. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. ओठांनी म्हणाली, "मी काय तान्ही आहे?"

"मग काय, आहेसच," मी म्हणाले.

त्यानंतर मला नादच लागला. साऱ्या लाइनीत मी रिकामं प्लास्टिक मागत फिरायची. शाम्पूची बाटली, पावडरचा डबा, कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी, खोबरेल तेलाची निळी बाटली. बायका म्हणायच्या, "भंगारवाली आली." पावडरच्या डब्यात चिंचोके घातले, त्याचा आवाज जाड, खडखड असा. तो वाजला की आईला मोरीकडे जायचंय. रोलच्या डबीत मोहरी. तिची बारीक सुरसुर म्हणजे पंखा बंद कर किंवा खिडकी लाव. शाम्पूच्या बाटलीत फुटक्या बांगड्यांचे तुकडे. तो आवाज ऐकला की दुखण्याची गोळी घेऊन धावायचं. म्हणजे आधी धावत जाऊन काय हवं ते विचारायचं आणि परत आणायला धावायचं, असं दोनदा पळणं नको. आवाजावरूनच वस्तू हातात घेऊन जायचं.

आईही माझ्यासोबत बसायची. झाकणं पक्की बसावीत म्हणून मेणबत्तीवर कडा शेकून दाबायची. जुन्या साडीचे काठ कापून बाटल्यांना चिकटवायची. निळ्या बाटलीला तिने हळदीकुंकवाचे ठिपके दिले. पाण्याच्या खुळखुळ्याला मात्र तिने काही चिकटवू दिलं नाही. "हा असाच राहू दे," म्हणाली. "अंधारात हाताला लगेच कळतो."

भाऊ आता दुपारी निवांत झोपायचे.

दिवाळी झाली आणि शाळेत खाचणेबाईंनी सांगितलं, की जळगावला टाकाऊतून टिकाऊ वस्तूंचं प्रदर्शन आहे. त्या आम्हाला कार्यानुभव शिकवायच्या. मुलींनी बाटल्यांची फुलं, झाकणांचे झुंबर असं काय काय आणलं. मी भीत भीत दोन खुळखुळे नेले आणि ते कशासाठी आहेत ते सांगितलं. बाई काही वेळ तो पावडरचा डबा हातात धरून राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रणिता, तू नक्की चल जळगावला. पूर्ण संच घेऊन चल."

"पण हे आईला लागतात."

"मग दुसरा संच कर."

मी परत लाइनीत भंगार मागत हिंडले. एकदा आमच्याच स्वयंपाकघरात मला एक मोठी प्लास्टिकची पिचकारी दिसली. इंजेक्शनची असते तशीच, पण माझ्या मनगटाएवढी जाड, आणि टोकाला सुई नाही. धुऊन पालथी ठेवली होती. मला ती फारच आवडली. आरपार दिसणारी, त्यात रंगीत मणी घातले असते तर किती छान दिसलं असतं! मी ती उचलली तेवढ्यात मागून भाऊ आले.

"ठेव ती!"

त्यांचा आवाज इतका चढला, की माझ्या हातून ती पडली.

"खुळखुळ्यासाठी..."

"सांगितलं ना, हात लावायचा नाही. कामाची आहे." त्यांनी ती उचलली, परत धुतली आणि वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवली.

"कसल्या कामाची?"

"मशीनला तेल घालायची," भाऊ म्हणाले, आणि बाहेर निघून गेले. मला ते खरं वाटलं. शेडमधल्या माणसाला घरीही तेल घालायचं काम असू शकतं.

त्या दिवसांत आईला तहान फार लागायची. निदान मला तसं वाटायचं. सकाळी शाळेला निघताना झिमझिम. आले, की दप्तर टाकायच्या आत झिमझिम. अभ्यासाला बसले की परत. मी पेला भरून न्यायची. आई तो दोन्ही हातांत धरायची. ओठांना लावायची. मग तशीच धरून ठेवायची आणि मला खाटेवर बसायची खूण करायची. पेला रिकामा व्हायची वाट बघत मी बसायची, आणि बसल्या बसल्या बडबडायची: कुणाची पट्टी चोरीला गेली, बाईंनी कुणाला वर्गाबाहेर काढलं, टाकीपाशी साप कसा निघाला. ती एका हाताने माझ्या फ्रॉकच्या पाठीवरचा बंद सोडायची आणि परत बांधायची. मग मी म्हणायची, "पी ना गं लवकर, मला जायचंय." ती पेला स्टुलावर ठेवायची. नंतर पिते, अशी खूण करायची. मी पळायची.

थोड्या वेळाने परत झिमझिम.

"आताच तर दिलं!" एकदा मी अंगणातूनच ओरडले. पण गेले. ती शहाण्या मुलीसारखी बसून राहिली होती, खुळखुळा मांडीवर.

ती वाळत चालली होती. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. मी भाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ऑपरेशननंतर होतंच तसं. जखम भरत आली आहे. उन्हाळ्यापर्यंत धडधाकट होईल बघ." ते माझ्याकडे न बघता बोलायचे, पण ते सगळ्यांशीच तसं बोलायचे.

जळगावला जायच्या आदल्या दिवशी फैजपूरहून इंदूमावशी आली. मी दिवसभर नसणार, भाऊंची त्या आठवड्यात दिवसपाळी, म्हणून आईजवळ राहायला तिला बोलावलं होतं. मावशी आईहून मोठी, अंगाने दणकट, तोंडाने फटकळ. आल्या आल्या तिने चूल... म्हणजे आमची शेगडी ताब्यात घेतली आणि भाकरी थापायला बसली. आत खुळखुळा वाजला. मी माठातून पेला भरला.

"कुणाला नेतेस व?"

"आईला. ऐकलं नाहीस का? हा पाण्याचा खुळखुळा आहे."

"पाण्याचा?"

"हो. सारखी तहान लागते तिला. दिवसभर मी पाणीच वाहते."

मावशीचे थापणारे हात थांबले. तिने माझ्याकडे नीट बघितलं. "प्रणू, तू चेष्टा करतेस का माझी?"

"चेष्टा कसली?"

"अगं, तुझ्या आईच्या घशाखाली दिवाळीपासून पाण्याचा थेंब उतरत नाही."

मला हसू आलं. "काहीतरीच. मी रोज देते ना तिला."

"देतेस. पिताना पाहिलंस?"

मी पेला धरून उभी राहिले. पिताना? पेला तिच्या हातात असायचा. ओठांना लागलेला असायचा. मग स्टुलावर. मी परत येईतो तो कुणीतरी उचललेला असायचा.

मावशीने पिठाचे हात पदराला पुसले. "तुला कुणी काहीच सांगितलं नाही? तुझ्या बापानं, मधुकररावांनी?"

"काय?"

"देवा रे." ती पाटावरून उठली आणि माझ्यापाशी येऊन उकिडवी बसली. तिचा फटकळ आवाज कुठल्या कुठे गेला. "दुखणं उलटलंय, माय. घसा आतून बंद झालाय. दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्याकडे आली होतीस ना, तेव्हा तिला मुंबईला नेऊन पोटाला नळी बसवली. तुझा बाप त्या नळीतून पिचकारीनं दूध घालतो, पाणी घालतो, गोळ्या विरघळवून घालतो. तू शाळेत गेलीस की."

मी वर फळीकडे बघितलं. पिचकारी तिथेच होती.

"मग बरी कधी होईल?"

आत परत झिमझिम झालं.

मी पेला घेऊन गेले. आई खिडकीकडच्या कुशीवर होती. मला बघून तिने नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. मी पेला दिला नाही.

"पी," मी म्हणाले.

तिने हात तसेच ठेवले.

"माझ्यासमोर पी. सगळं."

तिने माझ्या मागे दाराकडे बघितलं. तिथे मावशी उभी होती, पदर तोंडाला लावून. आईला कळलं. तिने डोळे मिटले, उघडले, आणि उठून बसायचा प्रयत्न करायला लागली. मी तिला हात दिला नाही. तिचं तीच कशीबशी बसली.

"तुला पाणी पिता येत नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मग कशाला मागतेस? मी किती वेळा पळत येते! खेळ सोडून येते. सगळ्या जणी हसतात मला."

आईचे ओठ हलले. मला वाचायचे नव्हते, म्हणून मी पायाकडे बघत राहिले. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"पाणी नको होतं," ती म्हणाली. "तू हवी होतीस."

मी पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"दुसऱ्या कशाला तू वस्तू देऊन जातेस. गोळी स्टुलावर ठेवलीस, गेलीस. खिडकी लावलीस, गेलीस. पाण्याला थांबतेस. पेला परत न्यायला."

"मग तसं सांगायचं ना!" मी रडायला लागले होते. "नुसतं ये म्हणून एक वेगळा केला असता मी. डब्या काय कमी आहेत?"

तिने मान हलवली. मग ती सावकाश म्हणाली, मला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करत, "नुसतं ये, असं दिवसातून इतक्या वेळा बोलावलं असतं, तर तू विचारलं असतंस, का."

तिने माझा फ्रॉक धरून मला जवळ ओढलं. तिच्या अंगाला औषधांचा आणि साबणाचा वास येत होता. गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर आत-बाहेर होत होतं, माझ्या कानाला लागून. पेला कलंडून पाणी सगळं चादरीवर गेलं. कुणी ते पुसलं नाही.

"तू मरणार आहेस?" मी तिच्या खांद्यावर तोंड ठेवून विचारलं. तिचे ओठ मला दिसत नव्हते. पण तिची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली होती, आणि ती खाली-वर झाली.

संध्याकाळी भाऊ आले. मी दारातच उभी होते.

"तुम्ही म्हणालात, मशीनला तेल घालायची पिचकारी."

त्यांनी मावशीकडे बघितलं, मग डबा खाली ठेवला. "मला वाटलं, तुझी परीक्षा आहे... प्रदर्शन आहे..."

"तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यापर्यंत धडधाकट होईल."

ते हातपाय धुवायला गेले आणि मोरीत पुष्कळ वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. त्या दिवसापासून मी भाऊंशी बोलणं सोडलं. काही हवं असलं की मावशीला सांगायची.

जळगावला जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सकाळी आईने माझा दुसरा संच पिशवीत भरून तयार ठेवला होता.

"मी जाणार नाही."

"जायचं," आई म्हणाली. "आणि येऊन सगळं सांगायचं. गाडीत कोण कुठे बसलं, काय खाल्लं, कुणी काय केलं होतं. एकही गोष्ट गाळायची नाही."

"आणि तोवर तुला काही झालं तर?"

"नाही होणार. मला ऐकायचंय."

मी गेले. एका शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. बाटल्यांची फुलझाडं, चमच्यांचे मोर, दुधाच्या पिशव्यांची विणलेली चटई, झाकणांचा एक मोठा किल्ला. त्यात माझे खुळखुळे अगदीच साधे दिसत होते. परीक्षक एक वयस्कर गृहस्थ आणि एक बाई. गृहस्थांनी एक खुळखुळा वाजवून बघितला.

"छान. लहान बाळासाठी का?"

"नाही. आईसाठी."

ते हसले. मागे उभ्या खाचणेबाई काहीतरी सांगायला पुढे झाल्या, पण मीच सांगितलं. आईला आवाज नाही. हा वाजला की मोरीकडे जायचं. हा वाजला की गोळी. हा खिडकीचा. गृहस्थांचं हसणं गेलं. त्यांनी खुळखुळा फार हळू, आवाज न होऊ देता, खाली ठेवला.

"आणि हा?" परीक्षकबाईंनी शेवटची बाटली उचलली. तिच्यावर काही चिकटवलेलं नव्हतं.

"तो... ये म्हणायचा."

"काय आणायला?"

"काही नाही. नुसतंच ये."

त्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. बक्षीस किल्ल्याला मिळालं. मला उत्तेजनार्थ एक कंपासपेटी दिली.

परत येताना गाडी भादलीला बराच वेळ थांबली. मी सारखी खिडकीतून सिग्नलकडे बघत होते. स्टेशनपासून घरापर्यंत मी पळतच आले. आई जागी होती. मावशीने तिला लोडाला टेकवून बसवलं होतं, केस विंचरून अंबाडा घातला होता. मी खाटेवर मांडी घालून बसले आणि सांगायला लागले. गाडीपासून सुरुवात केली. कोणती मुलगी कुठे बसली, खाचणेबाईंनी पोह्यांत शेंगदाणे कसे जास्त घातले होते, किल्ल्याचा बुरूज ऐनवेळी कसा पडला आणि तो मुलगा कसा रडला. ती मध्येच हात वर करून थांबवायची, एखादी गोष्ट परत सांगायला लावायची. भाऊ जेवायला बोलवायला आले आणि दारातूनच परत गेले.

त्यानंतर झिमझिम झालं की मी रिकाम्या हातानेच जायची.

कधी मी आपणहूनच जाऊन बसायची, गृहपाठ घेऊन. मग तो वाजायचाच नाही. मावशी राहिली ती राहिलीच. आईला आता बसता येत नव्हतं. दुखायला लागलं की ती खाटेचा दांडा धरायची आणि तिच्या बोटांची नखं पांढरी पडायची. आवाज नव्हता, त्यामुळे तिचं ओरडणं कुणाला ऐकू यायचं नाही. ते फक्त दिसायचं. दिसायला लागलं, की भाऊ मला म्हणायचे, "प्रणू, जरा काकूंकडे जाऊन ये." मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण जायची.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. दुपारी शाळेतून आले तर भाऊ दारातच उभे होते. "आत नको येऊस. काकूंकडे बस थोडा वेळ." त्यांच्या पलीकडून मला आईचा फक्त हात दिसला. तो दांड्यावर नव्हता. हवेत होता, उघडा, दाराच्या दिशेने. भाऊंनी दार लोटून घेतलं.

मेश्रामकाकूंकडे मी पाटीवर त्यांच्या नातवाला चित्रं काढून दाखवत बसले. उन्हं उतरली तेव्हा मावशी मला न्यायला आली. तिने माझा हात धरला आणि मला काही विचारावं लागलं नाही. आईचा चेहरा पुसलेला होता. केस नीट होते. गळ्याला धुतलेलं फडकं बांधलं होतं, आणि ते हलत नव्हतं.

"झोपेतच गेली माय," मावशी म्हणाली. "काही त्रास झाला नाही बघ. देवासारखी गेली."

मग घरात आलेली प्रत्येक बाई मला जवळ घेऊन तेच सांगायची. झोपेत गेली. सुटली. काही कळलंच नाही तिला. मी मान हलवायची.

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. मावशीने भाऊंसमोर विषय काढला, की मला फैजपूरला घेऊन जाते. तिथे शाळा आहे, तिच्या मुली आहेत. "तुमची रात्रपाळी. पोरीला एकटीला घरात कोंडून जाल का? ती धड बोलतही नाही तुमच्याशी. बघतेय ना मी." भाऊ म्हणाले, "तिला विचारा." मला विचारलं तर मी म्हणाले, येते. खरंच मला जायचं होतं. ज्या घरात काय चाललंय ते मला सगळ्यांच्या शेवटी कळतं, त्या घरात मला राहायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी मावशी आत माझे कपडे भरत होती. भाऊ अंगणात दगडावर बसले होते. ड्यूटीचे कपडे घातलेले, पण निघायची वेळ होऊनही निघाले नव्हते. मी मागच्या दारात उभी राहिले.

"भाऊ."

किती तरी दिवसांनी मी त्यांना हाक मारली होती. त्यांनी वर बघितलं.

"आईला शेवटी दुखलं का?"

मला वाटलं, आता म्हणतील, झोपेत गेली. मी ते ऐकायच्या तयारीतच उभी होते; ते ऐकून आत जायचं आणि पिशवी उचलायची.

"हो," भाऊ म्हणाले. "खूप दुखलं."

अंगणात कुठेतरी चिमण्या भांडत होत्या. भाऊ माझ्याकडे बघून बोलत होते, सरळ माझ्याकडे.

"मॉर्फिनची गोळी नळीतून घातली, पण ती लागू पडली नाही. तिचा श्वास अडकत होता. सकाळपासून." ते थांबले, आणि परत बोलायला लागले. "ती तुला मागत होती. तू दारात आलीस तेव्हा तिने पाहिलं तुला. मी तुला जाऊ दिलं नाही आत. तुला ते बघवणार नाही असं मी म्हणत होतो, पण... मलाच बघवत नव्हतं, प्रणू. तू ते बघत असताना तर मला मुळीच..."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. शेडच्या काळ्या तेलाने त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या होत्या. त्या हातांकडे बघत ते बसून राहिले. मला रागवायला, ओरडायला त्यांनी पुरेसा वेळ दिला.

मी घरात गेले. मावशीने पिशवीचा बंद आवळत आणला होता. मी तो सोडला आणि आतले फ्रॉक एकेक करून बाहेर काढून खुंटीला लावायला लागले.